शून्य आलं, पण कोणाचं?

वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या वेळच्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत : आपल्या प्रोग्राममधून दुसरी कमांड चालवायची, तर ती नीट पार पडली की नाही हे ओळखायचं कसं? म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्या वाचकाचा खरा डेटा गेला आहे आणि त्यांची पद्धत मला दर थोड्या दिवसांनी कोणाच्या ना कोणाच्या कोडमध्ये दिसते.

प्रश्न : ताई, आमच्या संस्थेच्या सभासदांची नोंद मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आहे. मी पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम रोज रात्री ‘ओएस.सिस्टिम’ वापरून मायएसक्यूएलडम्प (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) चालवतो, त्याचं आउटपुट पाइपने थेट जीझिप या फाइल लहान करणाऱ्या कमांडला देतो आणि तारखेच्या नावाची फाइल तयार करतो. उत्तर शून्य आलं तरच लॉगमध्ये ‘बॅकअप झाला’ असं लिहायचं, एवढी काळजी मी घेतली होती. लॉगमध्ये रोज ‘बॅकअप झाला’ आहे. डिस्क गेल्यावर फाइली उघडल्या, तर कित्येक दिवसांच्या फाइली प्रत्येकी २० बाइटच्या निघाल्या. मधे कधीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. शून्य तपासूनही असं कसं झालं?

उत्तर : पत्र वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही निष्काळजीपणा केलेला नाही. तुम्ही शून्य तपासलंत आणि ते शून्य खरंच होतं. फक्त ते मायएसक्यूएलडम्पचं नव्हतं, जीझिपचं होतं.

पाइपने जोडलेल्या सगळ्या कमांड्स शेल, म्हणजे कमांड्स वाचून चालवणारा प्रोग्राम, एकदमच सुरू करतं. प्रत्येकीचा एक्झिट कोड, म्हणजे संपताना ती देते तो निकालाचा आकडा (शून्य म्हणजे यश), वेगळा असतो, पण बाहेर सांगताना शेल फक्त शेवटच्या कमांडचा कोड सांगतं. जुना पासवर्ड घेऊन गेलेल्या मायएसक्यूएलडम्पला सर्व्हरने दारातूनच परत पाठवलं, त्याने एरर आउटपुटवर (चुकांच्या संदेशांसाठीच्या वेगळ्या वाटेवर) १०४५ क्रमांकाची एरर लिहिली आणि शून्य नसलेला कोड देऊन तो थांबला. जीझिपच्या बाजूने पाहिलं तर पाइप उघडला, त्यातून काहीही आलं नाही, आणि पाइप बंद झाला. रिकामं इनपुट ही जीझिपसाठी चूक नाही. त्याने रिकाम्या इनपुटची अगदी वैध फाइल बनवली : १० बाइटचं हेडर, ‘आत काहीच नाही’ हे सांगणारे २ बाइट, आणि शेवटी चेकसम व मूळ लांबी मिळून ८ बाइट. हेच तुमचे २० बाइट. यापुढे कुठल्याही बॅकअपच्या फोल्डरमध्ये २० बाइटची जीझिप फाइल दिसली, की पाइपच्या आधीची कमांड काहीच न लिहिता गेली असं समजायचं.

खात्री करून घ्यायची असेल तर टर्मिनलवर ‘फॉल्स’ ही नेहमी फेल होणारी कमांड पाइपने नेहमी यशस्वी होणाऱ्या ‘ट्रू’ला जोडा आणि लगेच डॉलर-प्रश्नचिन्ह, म्हणजे आधीच्या कमांडचा कोड, इको करा. शून्य येईल. दोघांची जागा बदला, एक येईल. ‘फॉल्स’ दोन्ही वेळा तेवढंच फेल झालं आहे.

बॅश या शेलमध्ये यावर ‘सेट -ओ पाइपफेल’ हा उपाय आहे. तो लावला की पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली तरी पूर्ण पाइपचा कोड शून्य येत नाही. नेमकी कुठली फेल झाली हे हवं असेल तर बॅशचा ‘पाइपस्टेटस’ नावाचा अ‍ॅरे आहे, त्यात प्रत्येकीचा कोड क्रमाने मिळतो. मात्र पायथनमधून हे वापरताना एक खड्डा आहे. ‘ओएस.सिस्टिम’ किंवा ‘शेल=ट्रू’ दिलेलं ‘सबप्रोसेस.रन’ हे बॅश चालवत नाही, ‘बिन’मधलं ‘एसएच’ चालवतं. उबुंटूवर २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून हे ‘एसएच’ म्हणजे डॅश नावाचं दुसरं शेल आहे, डेबियननेही पुढे तेच केलं. पाइपफेल युनिक्स प्रणालींच्या पॉसिक्स या मानकात आलं ते थेट २०२४ च्या आवृत्तीत, त्यामुळे जुन्या डॅशला हा पर्याय कळतच नाही, तिथे कमांड पहिल्याच ओळीवर अडते. तेव्हा ‘सबप्रोसेस.रन’च्या ‘एक्झिक्युटेबल’ या आर्ग्युमेंटमध्ये बॅशचा पूर्ण पाथ स्पष्ट द्या.

पाइपफेल सगळीकडे डोळे मिटून लावू नका, हेही सांगते. एखाद्या मोठ्या आउटपुटमधून ‘हेड’ने पहिली ओळ घेतली, तर ‘हेड’ आपलं काम उरकून पाइप बंद करतं, मागची कमांड पुढे लिहायला जाते आणि तिला सिगपाइप हा सिग्नल (प्रणाली चालू प्रोग्रामला पाठवते ती सूचना) बसतो. पाइपफेल असताना याचा कोड १४१ येतो. तिथे काहीच बिघडलेलं नसतं.

पण तुमच्या कामासाठी मी पाइपच काढून टाकेन. बॅकअपसारख्या गोष्टीत प्रत्येक पायरीचा निकाल आपल्या हातात वेगळा यायला हवा. ‘सबप्रोसेस.रन’ला कमांड आणि तिची आर्ग्युमेंट्स लिस्ट म्हणून द्या, ‘एसटीडीआउट’ला लिहिण्यासाठी उघडलेली फाइल द्या, आणि ‘चेक=ट्रू’ लावा. डम्प फेल झाला तर तिथेच ‘कॉल्डप्रोसेसएरर’ उठेल आणि जीझिपपर्यंत प्रोग्राम जाणारच नाही. डम्प यशस्वी झाला तरच कॉम्प्रेस करा. त्यासाठी पायथनचं स्वतःचं जीझिप मॉड्यूल आहे, बाहेरची कमांडही लागत नाही. लिस्ट दिल्यामुळे आणखी एक फायदा होतो. मधे शेल नसल्यामुळे फाइलच्या नावात स्पेस, अवतरणचिन्ह किंवा अर्धविराम आला तरी त्याचा कमांड म्हणून अर्थ लावला जात नाही.

सगळं होईपर्यंत फाइलचं नाव तात्पुरतं ठेवा. ‘अपूर्ण’ अशा शेपटीचं नाव घ्या आणि शेवटची तपासणी झाल्यावरच ते खऱ्या तारखेच्या नावावर बदला. म्हणजे खऱ्या नावाची फाइल दिसते आहे, याचाच अर्थ सगळ्या पायऱ्या पार पडल्या असा होईल. मायएसक्यूएलडम्प काम पूर्ण झाल्यावर फाइलच्या अखेरीस ‘डम्प कम्प्लिटेड’ अशी एक कॉमेंट लिहितो. ती आहे का हेही पाहा. आणि अधूनमधून एखादी फाइल दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये रिस्टोअर करून सभासदांची संख्या मोजा. एक्झिट कोड फक्त ‘कमांड तिच्या मते नीट संपली’ एवढंच सांगतो. डेटा परत येतो की नाही, हे रिस्टोअर केल्यावरच कळतं.

प्रश्न : माझा पायथन प्रोग्राम ‘ओएस.सिस्टिम’ने एक शेल स्क्रिप्ट चालवतो आणि जे उत्तर येईल ते तसंच ‘सिस.एक्झिट’ला देतो, म्हणजे वरच्या शेड्युलरला निकाल कळावा. स्क्रिप्ट १ देऊन संपते तेव्हा प्रिंट केल्यावर २५६ दिसतं, आणि शेड्युलर मात्र काम यशस्वी झालं असं दाखवतो. २५६ कुठून आलं?

उत्तर : हा प्रश्न मला फार आवडला, कारण यात दोन बरोबर गोष्टी एकत्र येऊन एक पूर्ण चुकीची गोष्ट तयार होते.

युनिक्स प्रणालींवर ‘ओएस.सिस्टिम’ एक्झिट कोड परत देत नाही. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, पालक प्रोसेसला तिने सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेसबद्दल जो निकाल देतो, तो वेट स्टेटस ते जसाच्या तसा देतं. या आकड्यात दोन वेगळ्या बातम्या भरलेल्या असतात. खालच्या ७ बिट्समध्ये, प्रोसेस सिग्नलने मारली गेली असेल तर त्या सिग्नलचा नंबर. आठवा बिट कोअर डम्प (मरतानाच्या मेमरीची फाइल) पडला का हे सांगतो. त्याच्या वरच्या ८ बिट्समध्ये एक्झिट कोड. म्हणजे कोड ८ घरं वर सरकलेला असतो, आणि ८ घरं सरकणं म्हणजे २५६ ने गुणणं. कोड १ असेल तर २५६ दिसतं, २ असेल तर ५१२, ३ असेल तर ७६८.

आता हेच २५६ तुम्ही ‘सिस.एक्झिट’ला दिलंत. बाहेर पडताना प्रोसेसच्या कोडचे फक्त खालचे ८ बिट्स पालकापर्यंत पोचतात, म्हणून तो ० ते २५५ मध्येच असू शकतो. २५६ चे खालचे ८ बिट्स शून्य आहेत. ५१२ चेही शून्य आहेत, ७६८ चेही. स्क्रिप्टने कुठलाही कोड देऊन अपयश कळवलं, तरी तुमचा प्रोग्राम शेड्युलरला नेमकं शून्यच सांगणार.

पायथन ३.९ पासून ‘ओएस.वेटस्टेटस_टू_एक्झिटकोड’ नावाचं फंक्शन आहे, ते हा आकडा उलगडून देतं. पण नवं काही लिहीत असाल तर ‘ओएस.सिस्टिम’ सोडाच. ‘सबप्रोसेस.रन’ ३.५ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे आणि त्याच्या ‘रिटर्नकोड’मध्ये खरा एक्झिट कोड मिळतो. शिवाय ‘ओएस.सिस्टिम’ विंडोजवर वेगळं वागतं, तिथे शेलने दिलेला कोडच परत येतो; एकच ओळ दोन प्रणालींवर दोन वेगळे आकडे देते.

दुसऱ्या भाषांतल्या वाचकांनीही आपापलं घर तपासून घ्यावं. पर्लमध्ये ‘सिस्टम’नंतर डॉलर-प्रश्नचिन्हात हाच सरकलेला आकडा असतो, तो ८ ने उजवीकडे सरकवून घ्यावा लागतो. सी मध्ये त्यासाठी ‘डब्ल्यूइफएक्झिटेड’ आणि ‘डब्ल्यूएक्झिटस्टेटस’ असे मॅक्रो आहेत, आणि पहिला विचारल्याशिवाय दुसरा वापरायचा नाही. पीएचपीत ‘शेल_एक्झेक’ आणि बॅकटिक्स एक्झिट कोड देतच नाहीत. कोड हवा असेल तर ‘एक्झेक’ला तिसरं आर्ग्युमेंट द्या. रुबीचं ‘सिस्टम’ ट्रू, फॉल्स आणि निल अशी तीन उत्तरं देतं, निल म्हणजे कमांड सुरूच झाली नाही. नोडमध्ये चाइल्ड सिग्नलने मेली तर ‘क्लोज’ इव्हेंटमध्ये कोड नल येतो. ‘कोड असेल तर एरर’ अशी अट लिहिणाऱ्यांनी इथे थांबून विचार करा : नल हे जावास्क्रिप्टला खोटं वाटतं, आणि मारली गेलेली प्रोसेस तुमच्याकडे यशस्वी म्हणून नोंदली जाते. अट ‘कोड शून्याइतकाच असेल तर यश’ अशी लिहा.

प्रश्न : मी लॉग फाइलमध्ये ‘एरर’ हा शब्द ग्रेपने शोधतो. प्रोग्राममध्ये ‘चेक=ट्रू’ लावलं आहे. ज्या दिवशी लॉगमध्ये एकही एरर नसते, त्याच दिवशी माझा प्रोग्राम कोसळतो. एका मित्राने कमांडच्या शेवटी ‘ऑर ट्रू’ जोडायला सांगितलं, त्याने कोसळणं थांबलं. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही, ते काढून टाका. कोसळणं थांबलं, पण आता लॉग फाइलच सापडली नाही तरी तुमचा प्रोग्राम ‘एकही एरर नाही’ असंच म्हणेल.

ग्रेपला तीन गोष्टी सांगायच्या असतात. ० म्हणजे ओळ सापडली. १ म्हणजे फाइल नीट वाचली, पण जुळणारी ओळ नाही. २ म्हणजे काहीतरी बिघडलं : फाइल नाही, वाचायची परवानगी नाही, पॅटर्न चुकीचा लिहिला आहे. तुमच्यासाठी १ ही आनंदाची बातमी आहे आणि २ ही काळजीची. ‘चेक=ट्रू’ दोघांनाही अपयश मानतं, ‘ऑर ट्रू’ दोघांनाही यश. दोन्हीकडे तो फरक पुसला जातो, आणि तुम्हाला हवा आहे तो नेमका फरकच.

‘चेक’ काढा आणि ‘रिटर्नकोड’ स्वतः वाचा. शून्य असेल तर सापडलेल्या ओळींचं जे करायचं ते करा. एक असेल तर रिकामी यादी परत द्या. यांव्यतिरिक्त काहीही असेल, तर एरर आउटपुटचा मजकूर जोडून एक्सेप्शन उठवा. ही तिसरी शाखा ‘दोन असेल तर’ अशी लिहू नका, ‘यांव्यतिरिक्त काहीही’ अशीच लिहा; सिग्नलने मारलेली ग्रेपही तिच्यातच पडली पाहिजे.

शून्य म्हणजे यश आणि बाकी सगळं अपयश, हा नियम बहुतेक ठिकाणी चालतो, पण प्रत्येक कमांडचा स्वतःचा करार असतो आणि तो तिच्या मॅन पेजमध्ये ‘एक्झिट स्टेटस’ या मथळ्याखाली लिहिलेला असतो. मी कुठलीही कमांड प्रोग्राममध्ये घेण्याआधी तो भाग वाचतेच. ‘डिफ’ ग्रेपसारखंच आहे : ० सारख्या फाइली, १ वेगळ्या, २ गडबड. जीएनयू ‘टार’ १ देतं, तेव्हा फाइल वाचत असतानाच बदलली असा अर्थ असू शकतो. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकचा २४ म्हणजे यादी केल्यावर आणि कॉपी करण्याआधी काही मूळ फाइली नाहीशा झाल्या. चालू असलेल्या सर्व्हरच्या तात्पुरत्या फाइलींच्या बाबतीत मी तो चालवून घेते. २३ मात्र कधीच नाही, कारण तो काही फाइली एररमुळे पोचल्याच नाहीत असं सांगतो.

वेबवरून डाउनलोड करणाऱ्या कर्लबद्दल बरेच जण गोंधळतात. सर्व्हरने ४०४ दिलं तरी कर्लचा कोड ० येतो, कारण कर्लच्या दृष्टीने विनंती गेली, उत्तर आलं, देवाणघेवाण पूर्ण झाली. ‘--फेल’ हा पर्याय दिलात तरच ४०० आणि त्यापुढच्या उत्तरांना २२ हा कोड मिळतो. तो न देता डाउनलोड करणाऱ्या कित्येक प्रोग्राम्सनी ‘पान सापडलं नाही’ हे पानच फाइल म्हणून जपून ठेवलेलं मी पाहिलं आहे.

आणि विंडोजवरच्या रोबोकॉपीत तर शून्यचा अर्थ ‘कॉपी करण्यासारखं काही नव्हतं’ असा आहे. फाइली नीट कॉपी झाल्या की १ येतो. त्याचे कोड बिट्सचे आहेत, ८ च्या खालचं सगळं ठीक, ८ किंवा त्याहून जास्त आलं की काहीतरी कॉपी झालेलं नाही.

प्रश्न : कंटेनरमध्ये चालणारा आमचा एक मोठा जॉब कधीकधी १३७ देऊन थांबतो. एरर आउटपुटमध्ये एक अक्षरही नसतं. त्या प्रोग्रामच्या सोर्समध्ये १३७ कुठेच सापडत नाही.

उत्तर : सापडणारही नाही, तो आकडा प्रोग्रामचा नाही. प्रोसेस सिग्नलने मारली गेली की शेल तिचा कोड १२८ अधिक सिग्नलचा नंबर असा सांगतं, आणि कंटेनर चालवणारी साधनंही तेच करतात. १३७ वजा १२८ म्हणजे ९, म्हणजे सिगकिल. हा सिग्नल प्रोसेसला पकडता येत नाही, त्यामुळे जाता जाता एक ओळ लिहायचीही संधी तिला मिळत नाही. तुमचं एरर आउटपुट रिकामं आहे ते यामुळेच. बहुतेक वेळा मेमरीची मर्यादा ओलांडल्यामुळे कर्नलने तिला मारलेलं असतं. यजमान मशीनवर ‘डीमेसेज’ने कर्नलचे संदेश पाहा, तिथे नोंद असेल. दुसरं कारण म्हणजे कंटेनर थांबवण्याची सूचना : डॉकर हे कंटेनर चालवणारं साधन आधी सिगटर्म (थांबण्याची विनंती) पाठवतं आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये १० सेकंद वाट पाहून मग सिगकिल. सिगटर्मवर नीट थांबलं नाही की १३७ येतो.

याच हिशोबाने १४३ म्हणजे सिगटर्म, १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, १३० म्हणजे कोणीतरी कंट्रोल-सी दाबलं. पायथनने कमांड थेट चालवली असेल तर हेच उणे आकड्यात येतं, सिगकिल म्हणजे उणे ९. म्हणून ‘शून्यापेक्षा मोठा असेल तर अपयश’ अशी तुलना करू नका, ‘शून्य नसेल तर’ अशी करा. १२७ आणि १२६ हे शेलचे स्वतःचे कोड : पहिला कमांड सापडली नाही, दुसरा सापडली पण चालवता आली नाही. ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून १२७ आला की आधी पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, तपासा.

प्रश्न : पायथनच्या ‘पीओपन’ने कमांड सुरू करून ‘वेट’ केलं की माझा प्रोग्राम अडकून बसतो. छोट्या इनपुटवर चालतो, मोठ्यावर नाही. एक्झिट कोड मिळतच नाही.

उत्तर : ‘एसटीडीआउट’ला पाइप दिला आहे आणि तो कोणी वाचत नाही, असं दिसतं. लिनक्सवर पाइपमध्ये नेहमी ६५,५३६ बाइट मावतात. तेवढं भरलं की चाइल्ड लिहिण्यावर थांबते, तुम्ही चाइल्ड संपण्याची वाट पाहत थांबता, आणि दोघंही कायमचे उभे राहता. ‘वेट’ऐवजी ‘कम्युनिकेट’ वापरा, किंवा सरळ ‘सबप्रोसेस.रन’ला ‘कॅप्चर_आउटपुट=ट्रू’ द्या. जावात ‘वेटफॉर’च्या आधी हीच काळजी घ्यावी लागते, तिथे एरर आउटपुटचा पाइप वेगळा भरतो हे विसरू नका. ‘टाइमआउट’ही द्या, मात्र मधे शेल असेल तर वेळ संपल्यावर शेल मारलं जातं, त्याने सुरू केलेली कमांड मागे जिवंत राहू शकते. शेल नको म्हणण्याचं माझं हे आणखी एक कारण.

प्रश्न : एरर आउटपुटवर काही आलं तर फेल, नाही तर पास, असा सोपा नियम केला तर?

उत्तर : करू नका. एफएफएमपेग आपली सगळी माहिती एरर आउटपुटवरच लिहितं, गिट क्लोन करताना प्रगती तिथेच दाखवतं. आणि १३७ च्या पत्रात पाहिलंत तसं, मारली गेलेली प्रोसेस तिथे काहीच लिहीत नाही. मजकुरातले शब्द शोधून निर्णय घेणं तर आणखी धोक्याचं, प्रणालीची भाषा बदलली की तेच संदेश दुसऱ्या भाषेत येतात. निर्णय कोडवरून घ्या, मजकूर पूर्ण जपून ठेवा आणि अपयशाच्या नोंदीला जोडा. रात्री उठून कारण शोधणाऱ्या माणसाला तोच लागतो.

प्रश्न : माझी स्क्रिप्ट दुसऱ्या प्रोग्राममधून चालवली जाते. आतली मुख्य कमांड फेल झाली तरी स्क्रिप्ट शून्य देते. शेवटी फक्त ‘काम संपलं’ असं इको केलं आहे.

उत्तर : त्या इकोचंच ते शून्य आहे. वेगळं काही सांगितलं नाही तर स्क्रिप्टचा कोड म्हणजे तिच्यातल्या शेवटच्या कमांडचा कोड, आणि इको जवळजवळ नेहमी यशस्वी होतं. मुख्य कमांडच्या लगेच पुढच्या ओळीत डॉलर-प्रश्नचिन्ह एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. मधे एक लॉगची ओळही नको, ती आली की जुना कोड पुसला जातो. मग हवं ते इको करा आणि शेवटी तो कोड देऊन ‘एक्झिट’ करा.

फंक्शनमध्ये ‘लोकल’ लिहून त्याच ओळीत कमांडचं आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेत असाल, तर तिथेही हेच होतं : मिळतो तो कोड ‘लोकल’चा, कमांडचा नाही. ‘सेट -ई’ (कमांड फेल होताच स्क्रिप्ट थांबवणारा पर्याय) लावलेलं असलं तरी ते या ओळीवर थांबत नाही. आधी एका ओळीत ‘लोकल’, पुढच्या ओळीत व्हेरिएबलला मूल्य, असं वेगळं करा.

स्वतःचे कोड ठरवताना ० यश, १ काम झालं नाही, २ चुकीच्या पद्धतीने चालवलं, एवढ्यात बहुतेक स्क्रिप्ट्सचं भागतं. बीएसडीकडून आलेल्या ‘सिसएक्झिट्स’ या हेडर फाइलमध्ये ६४ ते ७८ असे ठरलेले कोड आहेत. त्यांतला ७५ मला उपयोगी वाटतो, कारण त्याचा अर्थ ‘आत्ता जमलं नाही, नंतर पुन्हा प्रयत्न करा’ असा आहे, आणि बोलावणाऱ्या प्रोग्रामला पुन्हा चालवायचं की माणसाला कळवायचं हे त्यावरून ठरवता येतं. १२५ च्या पुढचे आकडे घेऊ नका, ते शेलच्या कोडमध्ये मिसळतील.

प्रश्न : अपयश हाताळणारा कोड लिहिला, पण खरी कमांड कधी फेल होतच नाही. मग तो कोड तपासायचा कसा?

उत्तर : हे विचारणारे वाचक फार थोडे असतात, आणि तपासलं जात नाही ते नेमकं हेच.

एक रिकामं फोल्डर करा. त्यात खऱ्या कमांडच्याच नावाची दोन-तीन ओळींची स्क्रिप्ट ठेवा : एरर आउटपुटवर एक ओळ लिहायची आणि ठरावीक कोड देऊन थांबायचं. ती एक्झिक्युटेबल करा आणि चाचणीपुरतं ते फोल्डर पाथच्या सुरुवातीला जोडा. तुमच्या प्रोग्राममध्ये कमांडचा पूर्ण पाथ लिहिलेला असेल तर तो सेटिंगमधून घ्या, म्हणजे बदलता येईल. आता तुमच्या प्रोग्रामला आपण खोट्या कमांडशी बोलतो आहोत हे कळणार नाही.

पहिल्यांदा तिला १ देऊ द्या. मग त्या कमांडच्या करारात जे वेगळे कोड आहेत ते एकेक करून, म्हणजे आरसिंक असेल तर २३ आणि २४ दोन्ही. मग स्क्रिप्टने स्वतःलाच सिगकिल पाठवायचा, कारण ही शाखा बहुतेकांच्या कोडमध्ये नसतेच. मग अर्धं आउटपुट लिहून फेल व्हायचं; इथे पाहायचं की अर्धवट फाइल खऱ्या नावाने मागे राहिली का. मग शून्य द्यायचं पण आउटपुट काहीच नाही. शेवटी ती स्क्रिप्ट फोल्डरमधून काढा आणि पाथमध्ये फक्त तेच रिकामं फोल्डर ठेवा, म्हणजे कमांड अजिबात सापडणार नाही. पायथनमध्ये इथे कोड येत नाही, ‘फाइलनॉटफाउंडएरर’ उठते, आणि फक्त ‘कॉल्डप्रोसेसएरर’ पकडणारा कोड तिला सोडून देतो. प्रत्येक वेळी तुमच्या प्रोग्रामचा स्वतःचा एक्झिट कोड काय आला, तेही लिहून ठेवा.